शिडीखालच्या चपला

"फीत कापल्याबिगर बटनाला हात नही लावायचा, सरुबाई," सुपरवायझर सुरेश तिसऱ्यांदा म्हणाला.

"लावला तरी आता काय उपेग? वरची समदी रुई वली झाली. आता फीत काप, नही तं माझा गळा काप."

"हळू बोला ना जरा. पाहुणे ऐकतील."

"ऐकू दे!"

पाहुणे ऐकणार कसे? ते आलेच कुठे होते? साडेदहाची वेळ दिली होती आणि आता बारा वाजत आले होते. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या अंगणात मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातल्या होत्या, पेढ्यांच्या ताटावर माश्या बसत होत्या. आणि दोन शेडांमधल्या गल्लीच्या तोंडाशी ते मशीन उभं होतं. गळ्यात झेंडूचा हार आणि अंगावर अजून कंपनीचं प्लास्टिक. चैत्रात आलेलं मशीन, जेठ लागून गेला तरी प्लास्टिकात!

मशीन तसं साधंच होतं. चाकांवरचं लाल पिंप, त्याच्या डोक्यावर मोटर, बाजूला जाड नळी. त्या नळीला एकात एक बसणाऱ्या हलक्या लांब नळ्या जोडत जायच्या, शेवटी वाकड्या तोंडाची नळी लावायची आणि जमिनीवर उभं राहूनच पंचवीस फुटांवरच्या, छपराच्या कडेच्या पन्हाळीतला कचरा ओढून घ्यायचा. वरचं दिसावं म्हणून टोकाला कॅमेरा होता, खाली तळहाताएवढा पडदा. पत्र्यावर कोणी चढायचं नाही. एवढ्यासाठीच तर ते आणलं होतं.

कारण वर्षभरापूर्वी त्याच पत्र्यावरून सरुबाईचा नवरा कौतिक पडून मेला होता.

जिनिंग दिवाळीपासून धडधडायला लागलं की रुई उडते. माणसाच्या नाकात जाते, भुवयांवर बसते आणि वर पत्र्यावर जाऊन निवांत पसरते. वारा तिला लोटत लोटत पन्हाळीत नेतो. वर धूळ बसते. चैत्र येईतो पन्हाळीत वीतभर जाड थर होतो. तो काढला नाही आणि पाऊस आला की पाणी तुंबून उलटं फिरतं आणि थेट गोदामातल्या गाठींवर गळतं. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी कौतिक आणि देवराम ही जोडी वर चढायची. गल्ली इतकी अरुंद की शिडी फक्त एका टोकाला लागायची. पुढचं दोनशे फूट पत्र्यावरून चालायचं. पत्रे सिमेंटचे. जिथे बोल्ट दिसतो तिथेच पाय टाकायचा, कारण त्याच्याच खाली लोखंड असतं. बोल्ट सोडून पाय पडला की संपलं.

चढायच्या आधी शिडीखाली चपला काढून ठेवायच्या. अनवाणी पायाला पत्रा लवतो ते कळतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे वॉचमनला हिशेब राहतो. खाली दोन जोड्या म्हणजे वर दोन माणसं. शिडीखाली चपला असताना शिडी हलवायची नाही, असा तिथला नियम होता. कोणी लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

गेल्या वैशाखात रुईच्या थराखाली बोल्ट दिसेनासे झाले होते. भर दुपारी पत्रा मोडला आणि कौतिक आत, गाठी बांधायच्या प्रेसच्या फरशीवर पडला. सगळे तिकडे पळाले. देवराम वरून उतरला तेव्हा शिडीखाली दोन जोड्या होत्या आणि त्याने एकच घातली. दुसरी संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होती. सरुबाईने ती पदरात गुंडाळून राजपुऱ्यातल्या घरी नेली. आजही ती पेटीत आहे.

तेराव्याला मालक मधुकरशेठ स्वतः घरी आले. खुर्ची दिली तर नको म्हणाले, चटईवर बसले. पंधरावीस माणसांसमोर म्हणाले, "सरुबाई, माझा शबुद हाये. आता माझ्या जिनिंगच्या पत्र्यावर मानूस चढनार नही. मशीन आनतो." तिला अंगण झाडायचं कामही दिलं. माणूस वाईट होता असं कोणी म्हणू नये. वाईट माणसाशी भांडता येतं हो! हे असे गोड बोलणारे, अर्धं चांगलं करणारे, त्यांच्याशी भांडायचं तरी कुठून?

आणि मशीन खरंच आलं. इंदूरहून आलेल्या मिस्त्रीने ते दाखवायला दहा फूट पन्हाळ साफ केली. वाळली रुई जुन्या गोधडीतल्या कापसासारखी सुळसुळ निघून आली. देवराम बघतच राहिला. त्याला पडद्यावरचं नीट दिसेना, म्हणून सरुबाईनेच नळी हातात घेतली.

"बहनजी, बस एक बात याद रखना," मिस्त्री म्हणाला, "सूखा माल खींचना. गीला हो गया तो ये मशीन नहीं उठाएगी."

"खरं बोलतो तो," देवराम म्हणाला. "रुई अन् धूळ वली झाली की चामडं होतं त्याचं, वयनी. मंग खुरप्यानंच खरवडा लागते. वर बसून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरुबाई पदर खोचून तयार. तर शेठ म्हणाले, "नवी वस्तू अशीच कशी लावायची? आखाजीचा मुहूर्त करू."

तिलाही ते पटलं. हेच तिला पुढे फार लागलं. अक्षय्य तृतीयेला चारच तर दिवस, असं तिला वाटलं. देवराम म्हणत होता, "वयनी, ऊन हाये तवर उरकून घेऊ." तर तिनेच त्याला गप्प केलं. आखाजीला मशीनला हळदकुंकू वाहिलं, लिंबू-मिरची बांधली.

बटन मात्र दाबलं नाही. आखाजी गेली. शेठला मग वाटलं, एवढी भारी वस्तू, कोणी मोठा पाहुणा बोलावून उद्घाटन करू, पेपरात फोटो येईल. पाहुण्यांना वेळ नव्हता. मग लग्नसराई निघाली. मग पाहुणे भोपाळला गेले. सरुबाई दर सोमवारी विचारायची आणि सुरेश दर सोमवारी सांगायचा, "तारीख येऊ राह्यली." प्लास्टिकसुद्धा काढू देईना. का? तर फोटोत नवं दिसलं पाहिजे! वा रे शहाणपण! वरती पत्र्यावर हंडाभर पाणी ओतलं तर खाली यायच्या आत वाळेल असं ऊन, रुई पापडासारखी वाळलेली, आणि खाली मशीन नवरीसारखं झाकून ठेवलेलं. दोन महिने सरुबाई त्याच्याभोवती झाडू मारत राहिली.

तीन दिवसांपूर्वी तापीकडून ढग आले आणि अर्धा तास वळीव बदडून गेला. तेव्हापासून आभाळ उघडलंच नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची तारीख आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

साडेबाराला गाडी आली. हार झाले, भाषण झालं. शेठ बोलताना म्हणाले, "आपल्या कौतिकच्या आठवनीत..." आणि सरुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची आठवण होती तर आखाजीलाच बटन दाबलं असतं! नारळ फुटला, फीत कापली, फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ सरकवलं. आकाश परत काळं होत चाललं होतं.

"चालवा सरुबाई," शेठ हसून म्हणाले.

प्लास्टिक बाजूला सारून तिने नळ्या जोडल्या. वाकडं तोंड पन्हाळीत टाकलं आणि बटन दाबलं. पडद्यावर काळा, चिकट थर दिसला. मोटर गरजली. नळी थराला चिकटली आणि तिथेच अडकली. मोटरचा आवाज वर वर चढत गेला. नळी सोडवायला तिने सगळं अंग लावलं. पिंपात पेलाभर काळं पाणी पडलं. बस.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मधुकरजी," पाहुणे मान वाकडी करून म्हणाले, "इससे अच्छे तो आपके आदमी थे."

शेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी वर ढगांकडे बघितलं, गोदामाकडे बघितलं. "देवराम!" ते ओरडले. "शिडी लाव रे. खुरपं घेऊन जरा थर मोकळा करून दे, मंग ओढते मशीन. दहा मिनटाचं काम."

देवराम खुर्च्यांच्या मागे उभा होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. एकतीस वर्षं त्याने या अंगणात "नही" म्हटलं नव्हतं. त्याने सरुबाईकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. शिडी खांद्यावर आणली, गल्लीच्या टोकाला लावली, खुरपं कमरेला खोचलं. मग खाली वाकून चपला काढल्या आणि शेजारी शेजारी, नीट लावून ठेवल्या.

ती जोडी बघितली आणि सरुबाईने मशीन बंद केलं.

ती सरळ चालत गेली आणि शिडीला पाठ लावून उभी राहिली.

"देवरामभाऊ, नही चढायचं."

"सरुबाई, बाजूला व्हय," सुरेश पुढे आला.

"तू तिथंच थांब! उंटावरून शेळ्या हाकनारा तू. कधी चढला का तू वर? एक दिवस?" ती शेठकडे वळली. "शेठ, तुमी शबुद देला होता. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसून."

"अगं बाई, मशीन आनली ना मी? नही आनली का?"

"आनली! अन् दोन महिने हार घालून बसवली. वाळेल रुई होती तवा तुमाला फोटो पाह्यजे होता. आता वली झाली तं मानूस पाह्यजे!"

"दहा मिनटाचं..."

"कौतिक बी दहाच मिनटासाठी चढला होता!" तिने पत्र्याकडे हात केला. "वर पाय घसरते. बोल्ट दिसत नही. तुमाला ठावं हाये, मला ठावं हाये, त्याला तं सगळ्यात जास्ती ठावं हाये."

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. शेठ दोन पावलं जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सरुबाई, समजून घे. गोदामात नऊशे गाठी हायेत. आत्ता पाऊस आला तं वाटोळं होईल माझं. भिजतील सगळ्या."

"भिजू द्या," सरुबाई म्हणाली. "गाठ वाळते, शेठ. उन्हात टाकली की वाळते."



"वयनी," मागून देवराम म्हणाला. एक पाय त्याने पहिल्या पायरीवर ठेवलाच होता. "जाऊ दे ना वं. खाल्ल्या मिठाला जागावं लागते."

"मीठ?" ती गर्रकन वळली. "एकतीस वर्षं घाम गाळला तुमी हितं, देवरामभाऊ. ते मीठ कोनाचं होतं? अन् कोन जागलं त्याला?"

देवरामने शिडी दोन्ही हातांनी धरली, पण दुसरा पाय उचलला नाही. त्याला खाली उतरायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण सगळं अंगण बघत होतं, मालक बघत होता आणि "नही" हा शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलाच नव्हता.

"सरुबाई," शेठ आता मोठ्याने म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नको."

"नही येनार. पन आज हाये."

पहिला थेंब पत्र्यावर टपकला. मग दुसरा. पाहुणे छत्रीखाली गाडीकडे निघाले, सुरेश पेढ्यांचं ताट उचलायला धावला. शेठ एकदा गाडीकडे, एकदा गोदामाकडे पळत होते. "देवराम, चढ लवकर!" ते जाता जाता ओरडले.

सरुबाई खाली वाकली. देवरामच्या चपला तिने दोन्ही हातांनी उचलल्या. पुरुषाच्या, त्यातून परक्या पुरुषाच्या चपला बाईने भर अंगणात उचलाव्यात! देवराम कळवळला. "वयनी, अवं काय करू राह्यली! ठेव ते खाली." तिने त्या ठेवल्या, पण जागा बदलून. तोंडं फाटकाकडे केली आणि त्याच्या पायाशी मांडल्या.

"एक जोडी पेटीत हाये माझ्या," ती म्हणाली. "दुसरी न्यायला शारदावयनीला बोलावू का?"

शारदा देवरामची बायको. बांगड्यांनी भरल्या हातांनी ती या वेळी घरी त्याच्या भाकरी थापत असणार.

पाऊस वाढला. वर पन्हाळ भरत आल्याचा घळघळ आवाज यायला लागला. झेंडूचा हार भिजून मशीनच्या गळ्यात लोंबायला लागला. देवराम बराच वेळ तसाच उभा होता, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. शेवटी त्याने वरचा पाय खाली घेतला. एक चप्पल घातली. गुडघा धरून दुसरी घातली. कमरेचं खुरपं काढून शिडीच्या पायरीला अडकवलं.

"चला," तो म्हणाला.

दोघं फाटकाकडे चालायला लागले तेव्हा मागे पन्हाळ फुगून उलटली आणि पाणी गोदामात शिरल्याचा ओरडा झाला. देवरामने मान वळवली, सरुबाईने नाही.

फाटकातल्या वॉचमनने दोघांना जाऊ दिलं. मग भिजत भिजत तो शिडी काढायला गल्लीकडे गेला आणि सवयीने आधी खाली बघितलं. शिडीखाली एकही जोडी नव्हती.