एकतीस किलोचं डोकं

बाबांनी शेवटचा बोल्ट सैल केला आणि मशीनचं डोकं खांबावरून घसरत खालच्या लाकडी ठोकळ्यावर येऊन बसलं. ठोकळ्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला होता. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून काट्यात डोकावले.

“बत्तीस. ठोकळ्याचा एक वजा कर. एकतीस.”

मुलीने खडूने भिंतीवर आकडा लिहिला.

“तुझ्या आईचं म्हणणं होतं, माझं डोकं याहून जड आहे.”

ती हसली. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि बाबांनी आपणहून तिचा विषय काढला तो आज पहिल्यांदाच. मुलगी वळली नाही. आकड्याखाली तिने उगाच एक रेघ ओढली.

घरामागे, पूर्वी गाडी ठेवायचे त्या खोलीत तिचं छोटंसं वर्कशॉप होतं. जुन्या शिलाई मशीनचे जे भाग आता कुठेच मिळत नाहीत, ते ती एकेक करून बनवून द्यायची. त्यासाठी घेतलेलं मिलिंग मशीन टेबलावर मावेल एवढंच होतं, पण त्याचं डोकं, म्हणजे मोटर आणि कटर धरणारा वरचा भाग, भलताच जड. हँडल फिरवून ते वर न्यायचं तर दंड भरून यायचा. खाली आणताना तर आणखी पंचाईत. मध्येच अडायचं, मग एकदम केसभर खाली बसायचं आणि कटर नको तिथे घुसून दोन दिवसांचं काम मातीत जायचं.

हे सगळं तिने बाबांना फोनवर सांगितलं होतं. “काही सुचत नाही, बाबा. तुम्हीच या.”

बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात काढली होती. आई गेल्यापासून ते चौथ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहत. फोनवर “जेवलात?” विचारलं की “हो”, आणि “काय जेवलात?” विचारलं की “जेवलो म्हटलं ना”. इकडे या म्हटलं, की ठरलेलं उत्तर यायचं, “तिथे येऊन मी करू काय? पाहुण्यासारखा बसून राहू?” या खेपेला मात्र त्यांनी एवढंच विचारलं, “डोक्याचं वजन किती?” आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात हजर झाले. पिशवीत दोन शर्ट होते आणि बाकी सगळी हत्यारं.

घरातला काटा वर्कशॉपमध्ये गेला म्हणून जावयाने तक्रार केली नाही. “आता वजन वाढलं तरी पुरावा नाही,” म्हणत त्याने भात पुन्हा वाढून घेतला. बाबाही त्याच्याबरोबर पोटभर जेवले. मुलीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कामात मात्र बापलेकीचं रोज एकदा तरी वाजायचं. बेत साधा होता. खांबाच्या माथ्यावर पुल्या बसवायच्या, डोक्याला बांधलेला तारेचा दोर त्यावरून मागे न्यायचा आणि त्याच्या टोकाला वजन टांगायचं. डोकं खाली येईल तसं वजन वर जाईल, म्हणजे हाताला भार लागणार नाही. बाबांना दोर दोन हवे होते.

“एक पुरेल, बाबा. यातून माणसं थोडीच जाणार आहेत?”

“तुझी बोटं जाणार आहेत ना त्याखाली? मग दोन.”

दोन दोर आले. मग वजनावरून अडलं. लोखंडी नळीत शिसं ओतून वजन तयार होत होतं, आणि सत्तावीस किलो झाल्यावर बाबांनी हात आखडता घेतला.

“अजून चार हवेत,” ती म्हणाली.

“नकोत. बरोबरीचं वजन टांगलंस तर डोकं अधांतरी लोंबकळेल. स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असतेच. डोक्याचा थोडा भार स्क्रूवर राहिला, की ती ढिलाई एकाच बाजूला पडून राहते. मग ते डुगडुगत नाही.”

तिने क्षणभर विचार केला. “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“तुला शिकवलं कुणी? ते बघ आधी,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बराच वेळ शीळ घालत राहिले.

अकराव्या दिवशी काम पुरं झालं. बाबांनी दोन्ही दोरांचे क्लॅम्प आवळले, वजन नीट टांगलं आणि बाजूला झाले. “हं, ठमे, फिरव.”

ठमी हे तिचं लहानपणचं नाव. तिने एका बोटाने हँडल फिरवलं. एवढं धूड लोण्यातून जावं तसं वर गेलं, थांबवलं तिथे थांबलं, आणि खाली येतानाही कुठे अडखळलं नाही. तिने पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं.

“पुरे. झिजेल,” बाबा म्हणाले. मग फडक्याला हात पुसत पुढे म्हणाले, “सकाळच्या गाडीने निघतो उद्या.”

“एवढ्यात?”

“काम झालं ना.”

ती काही बोलणार तोच फाटकाशी कुणीतरी हाक मारली. दुरुस्त झालेला भाग न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. ती बाहेर गेली.

बाबा हत्यारं आवरू लागले. तिचे पाने जागच्या जागी ठेवावेत म्हणून त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला. पान्यांच्या मागे एक लांबट खोका होता. झाकणावर याच मशीनचं चित्र होतं. आत गॅस भरलेले दोन दांडे होते, मोटारीची डिकी उघडून धरतात तसले, आणि सोबत एक कागद. डोक्याचा भार पेलण्यासाठी, अर्ध्या तासात बसवा, असं त्यावर लिहिलेलं होतं. पार्सलची तारीख तिच्या फोनच्या तीन महिने आधीची. त्यांनी एक स्क्रू उचलून उजेडात धरला. त्यावर पान्याच्या खुणा होत्या. दांड्यांच्या टोकांना ग्रीस लागलेलं होतं. हे सगळं एकदा बसवलेलं होतं, व्यवस्थित चाललेलं होतं, आणि मग काढून खोक्यात भरलेलं होतं.

बाबा स्टुलावर बसले. बाहेर ती गिऱ्हाइकाला तेल कुठे घालायचं ते समजावून सांगत होती. तिचं बोलणं संपत आल्यावर ते उठले. स्क्रू खोक्यात टाकला, खोका होता तसा पान्यांच्या मागे सरकवला आणि आवाज न करता खण बंद केला.

ती आत आली तेव्हा ते मशीनसमोर उभे राहून दोरांकडे निरखून पाहत होते.

“काय झालं?”

“दोर नवे आहेत.”

“मग?”

“नवा दोर ताणला जातो. लिफ्टचा दोर बदलला, की आम्हाला नंतर महिनाभर चकरा माराव्या लागायच्या. लक्ष ठेवावं लागतं.”

मुलीने दोरांकडे पाहिलं. दीड-दीड मीटरचे दोर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब ठेवणाऱ्या तिला, हे दोर कितीसे ताणले जातील ते चांगलंच ठाऊक होतं.

“महिनाभर?” तिने विचारलं.

“कधीकधी दोन.”

“दोन तर धरूनच चाला, बाबा,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली.