वरचा कप्पा, खालचा कप्पा

“सही करा मावशी, अहवाल आजच जायचाय.”

डॉक्टरांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. उंदरांच्या खोलीचं दोन महिन्यांचं तापमान. बावीस, बावीस, बावीस. सांभाळणारीच्या सहीची जागा तेवढी कोरी.

“हे दाराजवळच्या मापकाचं आहे,” ती म्हणाली. “दारात उंदीर राहत नाहीत.”

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. एकोणीस वर्षं ती त्या पांढऱ्या जिवांचं करत आली होती. या खेपेला सगळ्यांना कर्करोगाच्या गाठींचा आजार दिलेला. निम्म्यांना डॉक्टरांचं नवं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. औषधवाले वरच्या कप्प्यात. रोज सुई टोचायची आणि डॉक्टरांची कंबर काही वाकत नव्हती. पाणीवाले अगदी खाली. वर दिव्यांची ऊब, खाली खोली थंड ठेवणाऱ्या यंत्राचा गार वारा. तिनं रोज कप्प्याकप्प्यात तापमापक ठेवून पाहिलं होतं. वर सव्वीस, खाली एकोणीस.

वरचे उंदीर कागदाची पसरट वाटी करून तीत ऐसपैस लोळत. खालचे कागद कुरतडत, कुरतडून विणत, विणून अंगावर छप्पर ओढत आणि एकमेकांच्या कुशीत शिरत. दोन तोळ्यांचा जीव. खाल्लेलं सगळं अंग तापवण्यातच जळायचं.

“खालच्यांच्या गाठी वाढल्या त्या औषध नव्हतं म्हणून, की गारठले म्हणून? सांगता येईल तुम्हाला?”

“मावशी, तुम्ही दाणापाणी बघा. विज्ञान मी बघतो.”

“बघा की. पण जरा वाकून बघा.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “सगळ्या प्रयोगशाळांत बावीसच ठेवतात!”

“आत सदरा, वर कोट, त्याला बावीस बरंच वाटणार. उंदराला तिशीच्या आसपास लागतं. कप्पे बदला, पुन्हा करून बघा. औषध खरं असेल तर खालीही लागू पडेल. उद्या आजारी माणसं घेणार आहेत ते.”

“पुन्हा? तुमच्या लहरीखातर?”

तिनं बावीसवर काट मारली, वरचे-खालचे आकडे लिहिले, सही केली. डॉक्टरांनी तक्ता टराटरा फाडला. तिनं दुसरा कोरा घेतला, लिहिला. तोही फाटला. तिसरा लिहीत असताना आवाज ऐकून मोठ्या मॅडम आत आल्या.

“ही बाई माझं काम बुडवतेय,” डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी तक्ता वाचला. दोनदा वाचला. खालच्या कप्प्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

“अहवाल थांबायचा नाही,” त्या म्हणाल्या. “मावशी, उद्यापासून तुम्ही धुण्याच्या खोलीत. सही दुसऱ्या कुणाची घेऊ.”

“घ्या. पण माझा तक्ता फायलीत लावा.”

मॅडमनी त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो कोटाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या खोलीतल्या बाईनं वाफेतूनच विचारलं, “काय गं, एवढं काय केलंस?”

“खरं लिहिलं. खाली सही केली.”

“बस्स?”

“बस्स.”

तिनं बाह्या वर सारल्या. ढिगातला पहिला पिंजरा उचलला, कोपऱ्यात घट्ट बसलेला भुसा नखानं खरवडून काढला, पाण्याखाली धरला. मग खिडकीच्या उजेडात फिरवून चारी बाजूंनी पाहिला, आणि दुसरा घेतला.