कमलबाईंची सून गाते

नवरा नवनीत वारला तेव्हा रुपा सव्वीस वर्षांची होती. म्हसावदला कापूस वेचताना ती गायची, आणि हळदीला बायका तिला मुद्दाम बोलवायच्या. अशाच एका हळदीत बँडवाल्या भीमसिंग मास्तरांनी तिचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ते घरी आले. "वरातीत गाशील का?"

रुपाच्या आधी सासू कमलबाईच म्हणाल्या, "गाई ती. मी तिना संगे चालसू."

पहिली वरात धानोऱ्याला होती. दोन गाणी झाली आणि नवरदेवाच्या काकांनी बँडची गाडी थांबवली. रस्त्यावर बाईमाणसाचं गाणं त्यांना नको होतं. तेवढ्यात कमलबाई पदर खोचून पुढे झाल्या. "मन्ही सून शे. ज्याले काय बोलनं व्हई, त्यानी माले बोला."

काका बाजूला झाले. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं आणि रुपाने तिसरं गाणं धरलं.

दोन हंगाम कमलबाई प्रत्येक वरातीत बँडच्या गाडीशेजारून पायी चालल्या. नंतर गरज उरली नाही. शहादा, तळोदा, पार सुरतेपर्यंत लोक "रुपाताई असतील तरच बँड" म्हणू लागले. धुळ्याच्या स्टुडिओत तिची अहिराणी गाणी रेकॉर्ड झाली आणि ती लोकांच्या मोबाईलवर वाजू लागली.

गेल्या वर्षी रुपाच्या घशात गाठी निघाल्या. डॉक्टरांनी वरची पट्टी कायमची बंद केली. शेवटची वरात रुपाने गावातलीच घेतली. कमलबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून तिने त्यांना उचलून गाडीवर ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि माईकवर सांगितलं, "सव्वीस वर्षं तुम्ही माझं गाणं ऐकलं. ते या माउलीमुळे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या उंचावरून गावाकडे चौफेर बघत म्हणाल्या, "अठून समदं गाव दखास वं!"

या हंगामात रुपाची शिष्या आशा गाते. परवा वरात दारावरून गेली, तेव्हा सासू-सून ओट्यावर बसून ऐकत होत्या.

"पोर चांगली गास," कमलबाई म्हणाल्या. "पन घाई करस."

रुपाला हसू आलं. तिने सासूबाईंच्या पायांवर गोधडी नीट केली. आशाला उद्या सांगायचं, असं तिने ठरवलं.