तोलबाबांची पांढरी रेघ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माझी थोरली बहीण फरशीवर आखलेल्या पांढऱ्या रेघेवरून सरळ चालत गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घरात हीच ताई भिंती धरून चालायची, जिन्यावरून दोनदा पडली होती!

"इथं तोल, घरी झोल!" व्यासपीठावरून तोलबाबा गरजले. "घरात कुणीतरी ढकलतंय हिला. सून कधी आली?"

"दोनेक महिने झाले," ताई पुटपुटली.

"मग आणखी काय सांगू?"

शेजारी उभ्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांनी बोट दाखवलं तर तिला आजच माहेरी धाडायचं, असं ताईनं ठरवूनच टाकलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, बाबा-बुवा दिसले की माझं डोकं सणकतं. पण ताई माझ्या डोळ्यांदेखत सरळ चालली होती, त्याचं काय करू?

बाबांपुढे धातू चालत नसे. किल्ल्या, अंगठ्या, चष्मे सगळं दारातच टोपलीत काढून घेत. सेवकानं टोपली आणली. ताईनं चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि पहिल्याच पावलाला माझ्यावर आदळली.

"बघा! सून जवळ आली!" बाबा ओरडले.

मला मात्र सून हललेलीही दिसली नव्हती. "ताई, हा चष्मा कुणाचा?"

"ह्यांचा. मलाही अंधूकच दिसायला लागलं होतं. चांगला चष्मा टाकायचा कशाला? तेवढीच ह्यांची आठवण."

"कधीपासून लावतेस?"

"पोराच्या लग्नाच्या गडबडीतच काढला कपाटातून."

दिवंगत दाजींचा वाचायचा, जाड भिंगांचा चष्मा! मी तो काढून घेतला, सुनेला ताईच्या अगदी जवळून चालायला लावलं. "आता चाल." ताई सुतासारखी सरळ चालली. मग सुनेला बाहेर पाठवून मी चष्मा बाबांपुढे धरला.

"आता तुम्ही चाला. सून तर गेली."

"मला धातू वर्ज्य आहे!"

"मग मनगटावरचं घड्याळ लाकडी आहे का?"

लोक हसले. बाबांना चष्मा घालावाच लागला. पाऊल टाकताच त्यांनी हात पसरले, दुसऱ्या पावलाला सेवकाच्या गळ्यात पडले.

मी लोकांना समजावलं, "तोल नुसत्या पायांत नसतो. मेंदू डोळ्यांनाही विचारतो, जमीन कुठे आहे? डोळ्यांनी चुकीचं सांगितलं की पाय फसतात. चष्मा टोपलीत गेला आणि ताई सावरली, एवढाच चमत्कार."

ताई दाराशी गेली. "पोरी, चल घरी. रागावलीस?"

"हो," सून म्हणाली, आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासले. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक निघाला, दाजींचा चष्मा तिला चालणारच नव्हता. तिला तिचा चष्मा मिळाला. पण एक निरपराध मुलगी घराबाहेर गेली असती, तर तो घाव कोणत्या चष्म्यानं भरला असता? तोल जातोय? डॉक्टरकडे जा, डोळे तपासून घ्या, कारण शोधा. घरच्या माणसावर आळ घेऊ नका.