पाव फुलल्यावरची पाणसळ

क्लबाचा इतिहास लिहायला मास्तर बसले तेव्हा त्यांनी वहीचं पहिलं पान कोरंच ठेवलं. पन्नास वर्षांत सतरा वेळा जिंकलेली साखळी स्पर्धा, भिंतीवरचे फोटो, काचेच्या कपाटातले चषक, सगळं दुसऱ्या पानापासून. पहिलं पान टेबलाचं होतं आणि टेबलाची गोष्ट मावशीकडे होती.

मावशी साठीला टेकलेली. तिच्याहून दहा वर्षांनी थोरले असलेले मास्तरही तिला मावशीच म्हणत, आणि ती म्हणे, “तुम्ही म्हणा हो मावशी, म्हणजे मी अजून तरुण आहे असं तरी वाटतं!” टेबलावरची हिरवी बनात, म्हणजे वरचं लोकरी कापड, झाडणं, वर्षातून एकदा ती उतरवून नवी ताणून बसवणं, चेंडू पुसून पेटीत ठेवणं हे तिचं काम. हा खेळ खिशांच्या बिलियर्ड्सचा नव्हे. इथे टेबलाला भोकं नाहीत. तीन चेंडू, आणि आपल्या चेंडूनं बाकीच्या दोघांना शिवायचं. चेंडू कुठे पडत नाही, लपत नाही. टेबल केसभर कललं असलं तरी सगळ्यांना दिसतं.

टेबल तिच्या वडिलांनी बसवलेलं. मिस्त्री म्हणत त्यांना. बेकरीच्या वरची खोली, खाली भट्टी. गिरणीतले लोक संध्याकाळी सुटत, खाली गरम पाव घेत आणि वर येऊन खेळत. भट्टी त्यांच्याच वेळेवर चाले, दुपारी पेटे, दिवेलागणीला पाव निघे. भट्टीच्या उबेनं बनातीखालचा पाटीचा दगड सदा कोरडा, बनात कोरडी, चेंडू लोण्यावरून गेल्यासारखा जाई. क्लब जिंकत गेला तो या उबेवर, असं मास्तर लिहिणारच होते.

पण नदीपलीकडचा क्लब वेगळंच सांगत फिरे. त्यांचा कप्तान कधीकाळी सकाळी निरोप द्यायला आला होता, रिकाम्या खोलीत सहज चेंडू सोडला, तर चेंडू खिडकीकडे वळला. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच: “तुमचं टेबल तिरकं, म्हणून तुमचे चषक सरळ.” चाळीस वर्षं ही टिंगल चालली. मावशी ती ऐकली की हातातला ब्रश तसाच धरून म्हणे, “माझ्या बापाचा हात तिरका नव्हता. तुमच्या माणसाचा डोळा तिरका असेल, वैद्याला दाखवा.” पण पातळी बघायची पाणसळ तिनं स्वतः कधी लावली नव्हती. बापाच्या टेबलाला पाणसळ लावायची म्हणजे बापाला शपथ घ्यायला लावायची, असं तिला वाटे. ‘पायांना हात लावायचा नाही,’ एवढंच मिस्त्री सांगून गेले होते, आणि तिनं लावला नव्हता.

यंदा अंतिम सामना याच खोलीत होता, नदीपलीकडच्यांशीच, आणि ते इथे पहिल्यांदाच खेळायला येणार होते. त्यांनी महासंघाकडे अर्ज केला: आधी टेबल मोजा. रविवारी सकाळी दहाला तपासनीस येणार, सामना त्याच संध्याकाळी. टेबल कललेलं निघालं तर सामना नदीपलीकडे. “आणि सतरा चषकांचं काय?” कुणीतरी विचारलं. मास्तरांनी वहीचं कोरं पान झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी मावशी एकटी आली. खिडकीतून ऊन नुसतं डोकावत होतं, खाली बेकरी बंद. तिनं वडिलांची पाणसळ पिशवीतून काढली, पितळेच्या पट्टीतली काचेची नळी, आत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बनातीवर अलगद ठेवली. बुडबुडा जरा थरथरला आणि दाराकडे सरकून बसला. तिनं पाणसळ उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा दाराकडेच. खिडकीची बाजू खाली होती.

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ बसली. मग ती टेबलाखाली शिरली. दाराकडच्या पायाखाली एक पाचर होती, सागाची, पातळ, बापाच्या रंध्यानं गुळगुळीत केलेली. तिनं पाय तरफेनं तसूभर उचलला, पाचर ओढून काढली, पदरात बांधली. पाणसळ पुन्हा ठेवली. बुडबुडा मधोमध.

“झालं,” ती स्वतःशी म्हणाली. पण झाल्यासारखं वाटलं नाही.

संध्याकाळी सराव सुरू झाला. क्लबाचा कप्तान इतका सावकाश खेळे की सगळे त्याला घड्याळ म्हणत. त्यानं पहिला फटका मारला. चेंडू कडेला लागून परतला आणि दुसऱ्या चेंडूच्या शेजारून, दाराच्या बाजूनं, निसटला. दुसरा फटकाही तसाच. तिसऱ्याला त्यानं हातातली काठी, क्यू, टेबलावर आडवी ठेवली.

“मावशी, टेबल रुसलंय.”

“तुझं वय झालं.”

“माझं झालंच आहे. पण चेंडूचं कसं झालं? सगळे दाराकडे निघालेत, घरी जायची घाई असल्यासारखे.”

मावशीनं पाणसळ काढली. बुडबुडा खिडकीकडे जाऊन बसला होता. सकाळी जे सरळ, ते आता वाकडं. तिनं पायाला पुन्हा हात लावला नव्हता. खालून पावाचा वास येत होता, भाजलेला, गोड, जिन्यावरून चढून खोलीभर पसरणारा. वडील हाच वास अंगावर घेऊन घरी येत. लहानपणी तिला वाटे, बाबा टेबलाचं काम करतात ते निमित्त, खरे जातात गरम पाव खायला. कारण हत्यारांची पेटी घेऊन ते सकाळी कधी निघत नसत, संध्याकाळीच. आणि काम करताना गुणगुणत. तिला झोपवतानाही तेच गुणगुणत, म्हणून ते तिला अंगाईच वाटत आलं होतं:

पाव फुलू दे, ताव चढू दे,
बुडबुडा मग मधे निजू दे.

ती तडक जिना उतरली. भट्टीपाशी बेकरीवाली उभी होती, तिची शाळेपासूनची मैत्रीण, कोपरापर्यंत पिठात.

“अगं, आमच्या टेबलाखालची, तुझ्या भट्टीवरची तुळई लोखंडी आहे ना?”

“आहे की. माझ्या सासऱ्यांच्या वेळची. तापली की खिडकीच्या अंगाला वर येते, तिथला गिलावा दर वर्षी सुटतो. का गं?”

मावशी पिठाच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. बापानं टेबल थंड खोलीत बसवलंच नव्हतं. तापल्या तुळईवर, खेळाच्या वेळेला, खेळणाऱ्यांसाठी बसवलं होतं. पन्नास वर्षं ते सकाळी तिरकं होतं आणि संध्याकाळी सरळ, आणि सकाळी कुणी खेळतच नव्हतं.

तिनं वर जाऊन सगळ्यांदेखत पदराची गाठ सोडली. “पाचर मी काढली होती. घाबरून काढली. आता परत घालते.”

“उद्या दहाला भट्टी थंड असेल,” मास्तर म्हणाले. “पाचर घातली तर तपासनीस टेबल तिरकं लिहील. नाही घातली तर तो सरळ लिहील.”

“आणि संध्याकाळी चेंडू दाराकडे जातील. दोघांचेही. खोटं टेबल देऊन खेळायला लावू लोकांना? बाबांचं टेबल सरळ म्हणायचं, तर ते बाबांनी लावलं तसंच असलं पाहिजे.”

घड्याळ म्हणाला, “मग भट्टीच लवकर पेटवा. त्यात एवढं काय?”

“पेटवीन,” बेकरीवाली जिन्यातून ओरडली, “पण पाव कोण खाणार सकाळी एवढा? गिरणी बंद रविवारची!”

रविवारी दहाला तपासनीस आला, लांबट चेहऱ्याचा, अबोल. खोलीत पंचवीस माणसं भिंतीला टेकून पाव खात उभी होती. मावशीनं त्याला सगळं सांगितलं, पाचर काढल्याचंसुद्धा. तो म्हणाला, “बाई, मी टेबल मोजतो. भट्टी मोजत नाही.”

“बरोबर आहे. पण खेळ ज्या उबेत होणार, त्या उबेत मोजा. अर्धा तास थांबा. तोवर पाव घ्या.”

तो थांबला. पाव घेतला, दुसराही घेतला. मग स्वतःची पाणसळ ठेवली. बुडबुडा दाराशी होता. तो पाहत राहिला. खाली बेकरीवालीनं पुन्हा लाकडं सारली. बुडबुडा सुस्तावलेल्या मांजरासारखा हलला, थांबला, परत हलला, आणि पावणेअकराला मधल्या दोन रेघांत शिरून तिथेच राहिला. तपासनीसानं चारही बाजूंना पाणसळ लावली, कागदावर ‘सरळ’ लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी सामना क्लब हरला. दोन गुणांनी. शेवटचा फटका घड्याळाचा होता. फार वेळ घेऊन मारलेला, आणि चुकलेला. चूक त्याचीच होती, चेंडू सरळ गेला होता. नदीपलीकडचा तोच कप्तान, आता म्हातारा झालेला, क्यू पुसत टेबलाशी एकटाच उभा राहिला. मग त्यानं एक चेंडू खिडकीच्या दिशेनं हळूच सोडला. चेंडू कडेला लागला आणि आला त्याच रेषेनं परत त्याच्या हाताशी आला.

“मावशी,” तो म्हणाला, “चाळीस वर्षांपूर्वी मी चुकीच्या वेळी आलो होतो.”

“निरोप द्यायला आला होतात. खेळायला आला असतात तर दिसलं असतं. पाव घ्या, उरलाय भरपूर.”

मास्तर वही उघडून बसले होते. पहिलं पान. “सांगा,” ते म्हणाले. मावशीनं वडिलांचं नाव सांगितलं, पाचरेचं लाकूड सांगितलं, तुळई सांगितली, आणि शेवटी ते दोन चरण म्हटले. मास्तरांची लेखणी थांबली.

“हे गाणं इतिहासात घालू?”

“गाणं कुठलं हो, काम करायची रीत आहे ती. उद्या मी नसताना कुणी सकाळी पाणसळ घेऊन आलं, तर पाचर काढून टाकेल माझ्यासारखी. लिहा.”

मास्तरांनी लिहिलं. त्यांच्या बोटाला पावावरचं लोणी होतं. ‘पाव’ या शब्दाशेजारी एक पारदर्शक डाग पडला. ते पान फाडून नव्यानं लिहायला निघाले, तर मावशीनं वहीवर हात ठेवला.