मोटर चालू राहू दे

बँडमध्ये त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा ट्रंपेट सुरू झाला की गल्लीतली कुत्रीसुद्धा गिरणीच्या पाळीला निघाल्यासारखी उठत. भंगारातल्या मोटरी आणि पत्र्यांच्या आवाजात जॅझ मिसळायचं खूळ त्याचंच. वेल्डर यंत्रं सांभाळायचा, पियानोवाली सूर सांभाळायची, आणि भोंग्याकडे, आईच्या मते, नुसता रिकामा वेळ होता.

आईची उभी हयात सूतगिरणीच्या खडखडाटात गेली होती. तोच खडखडाट लोक आता तिकीट काढून ऐकतात, यावर तिने कपाळाला हात लावला होता. निवृत्तीपासून मात्र तिची झोप उडाली. औषधं झाली, डॉक्टर झाले. घर जितकं शांत, तितकी ती टक्क जागी. तिला त्रास नको म्हणून भोंगा रियाज बाहेर करायचा. शहाणाच म्हणायचा.

त्या दुपारी रिकाम्या गोदामात कार्यक्रम होता. आई पहिल्यांदाच आली होती आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. रेकॉर्ड कंपनीचे एक गृहस्थही आले होते, तेही भोंग्याचा शेवटचा तुकडा ऐकायला. त्यात सगळी यंत्रं थांबत आणि शांततेत एकटा ट्रंपेट वाजे. तो आवडला तर रेकॉर्ड निघणार होती. भोंग्याने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

वेल्डरने मोटरी लावल्या. घरघर जमिनीतून पायांत आली, पायांतून छातीत चढली. पियानो पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. भोंग्याने डोळे मिटून वाजवलं. उघडले तर आई झोपलेली.

आधी त्याच्या मनाला लागलं. मग लख्ख कळलं, तिला अखेर झोप लागली होती, आणि त्याने सगळ्यांना हळू वाजवायची खूण केली. आवाज उतरला तशी आई चुळबुळली. त्याने घाईघाईने हात वर केला, वेल्डरने दणकून वाढवलं, आणि आई पुन्हा गाढ झोपली.

शेवटच्या तुकड्याची वेळ झाली. वेल्डरचा हात बटणाकडे गेला.

"मोटर चालू राहू दे," भोंगा म्हणाला.

"आणि तुझा तुकडा?"

"राहिला तर राहिला. ती झोपलीय."

मग ते वाजवतच राहिले. छपरातून पडलेलं ऊन भिंतीवर चढलं. लोक उठून चवड्यांवर चालत बाहेर गेले, जणू पावलांनीच ती जागी होणार होती. कंपनीचे गृहस्थही गेले. भोंग्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. ट्रंपेट खाली ठेवून तो आईशेजारच्या खुर्चीत बसला. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं.

झोपेतच ती बोलली, यंत्रांमध्ये बोलतात तशी, मोठ्याने. "मुकादम, आज लवकर सोडा. पोरगं घरी एकटं आहे."

भोंग्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "पोरगं इथंच आहे. झोप तू."