भूलकाकांची लेक

“काका, तुमच्या लेकीचे पेशंट फार कण्हतात हो,” सिस्टर म्हणाली आणि तिने पडदा ओढून घेतला.

पडद्याआड नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालेला धिप्पाड गवंडी दातओठ खात पडला होता. भूलकाकांनी त्याची नाडी पाहिली. ती धावत होती.

“वेदनेचं औषध दिलंय ना?”

“भरपूर दिलंय म्हणते. एवढ्यात बैलसुद्धा घोरला असता.”

“प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, सिस्टर.”

“एखाद्याचं असेल. तिच्याच सगळ्या पेशंटांचं कसं काय वेगळं?”

काकांनी स्वतः एक इंजेक्शन भरून दिलं. गवंडी लहान मुलासारखा शांत झोपला, आणि काकांनी लेकीने भरलेला औषधांचा कागद पुन्हा एकदा वाचला.

भूलकाका हे या हॉस्पिटलातले सगळ्यात जुने भूलतज्ज्ञ. उभा जन्म लोकांना झोपवण्यात आणि सुखरूप उठवण्यात गेला. पेशंट सर्जनचे पाय धरतात. भूल देणाऱ्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण तो बघता बघताच माणूस झोपी जातो. काकांची याबद्दल कधी तक्रार नव्हती. मग हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यातून पालक-डॉक्टर योजना निघाली. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला एक ज्येष्ठ डॉक्टर नेमून द्यायचा आणि दर गुरुवारी दोघांनी चहा पीत मन मोकळं करायचं. हुकूम सोडला की मन मोकळं होतं अशी साहेबांची समजूत. बाकीच्यांनी नाकं मुरडली, काका मात्र हरखले. त्यांना मूलबाळ नव्हतं. वाट्याला आलेली मुलगी चुणचुणीत होती, हाताची हलकी होती, दुसऱ्यांच्याही ड्युट्या मागून घ्यायची. थिएटरात तिला ‘काकांची लेक’ नाव पडलं. काका ते न ऐकल्यासारखं करत, पण कान लाल होत.

चहाला ती नेमाने येई. “कशी आहेस?” विचारलं की म्हणे, “एकदम मजेत, काका.” काका खूश होऊन आपल्याच तरुणपणाच्या गोष्टी सांगत बसत.

भूल देणाऱ्यांच्या धंद्यात एक रोग आहे. त्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. जे औषध पेशंटची वेदना घालवतं, तेच दिवसभर एखाद्या दमलेल्या, झोप न झालेल्या डॉक्टरच्या हाताशी असतं. पेशंटला निम्मं टोचायचं, उरलेलं खिशात घालायचं. सिरिंजमध्ये पाणी भरलं तरी दिसायला फरक नाही. मग माणूस ड्युट्या मागून घेऊ लागतो, आणि लोक त्याला कष्टाळू म्हणतात. असा एक मित्र काकांनी तरुणपणी स्वतःच्या खांद्यावरून स्मशानात पोचवला होता.

घरी त्यांनी जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, मग बसलाय काय? साहेबांना फोन लावा.”

“लावला की तिचं डॉक्टरपण संपलं. लोक नाही नाही ते बोलतील.”

“आणि नाही लावला तर?”

काका ताटातला घास चिवडत राहिले. “परवा गुरुवारच आहे. चहावर निवांत बोलतो. मी विचारलं तर ती लपवायची नाही.”

“सांगणारी असती तर एव्हाना सांगितलं असतं,” बायको म्हणाली. “तुम्हाला लेक हवी आहे हो. तिला डॉक्टर हवा आहे.”

काकांना राग आला. बायको खरं बोलली की त्यांना नेहमीच येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ऑपरेशनांच्या मध्ये लेक म्हणाली, “आलेच काका, तोंडावर पाणी मारून.” पुढचा पेशंट टेबलावर आला. सर्जन हात धुऊन ताटकळत उभा राहिला.

“कुठे गडप झाली तुमची लेक?”

काका धावतच निघाले. गुडघे दुखतात म्हणून ते एरवी जिनासुद्धा टाळत. कपडे बदलायच्या खोलीतल्या न्हाणीघराला आतून कडी होती. नळ सुरू होता.

“बाळा, दार उघड.”

नळ वाहतच राहिला.

“मी रागावणार नाही गं. उघड.”

सिस्टर मागून आली आणि तिने खांद्याने दार ढकललं. तिसऱ्या धडकेला कडी निघाली. लेक भिंतीला टेकून बसली होती. हनुवटी छातीवर पडलेली, ओठ निळे, एका पायातला मोजा उतरवलेला आणि घोट्यापाशी सुई तशीच.

काकांनी तिला आडवं केलं, हनुवटी वर उचलली, सिस्टरने थिएटरातून आणून दिलेला मास्क तोंडावर बसवला आणि हवेची पिशवी दाबू लागले. “सिस्टर, उतारा! पळ!” काकांचा एवढा चढा आवाज थिएटराने कधी ऐकला नव्हता.

उतारा टोचल्यावर थोड्या वेळाने छाती आपणहून हलली. ओठांवर रंग आला. लेकीने डोळे उघडले, आणि तेवढ्यात सर्जन दारात आला.

“काय झालं? चक्कर आली का हिला?”

सुई सिस्टरच्या मुठीत होती. सिस्टर काकांकडे बघत होती. लेकीने काकांची बाही पकडली. “काका, चक्करच म्हणा. तुमच्या पाया पडते.”

म्हटलं असतं तर भागलं असतं. सर्जनला तेच ऐकायचं होतं.

“चक्कर नाही,” काका म्हणाले. त्यांनी औषधाचं नाव घेतलं. “पेशंटांचं औषध ही स्वतः घेते आहे. मला कालच कळलं होतं. मी गुरुवारची वाट बघत बसलो. साहेबांना बोलवा.”

सर्जन फोनकडे गेला. लेकीने बाही सोडली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

“तुम्ही माझे कुणी नाही,” ती म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले.

तिचे डोळे पुन्हा मिटू लागले होते. उताऱ्याचा असर औषधाच्या आधी ओसरतो, हे काकांना ठाऊक होतं. ते ओल्या फरशीवर मांडी घालून बसले, दोन बोटांनी तिची हनुवटी वर धरली, आणि तिचा एकेक श्वास मोजू लागले.